पहिल्यांदाच कोकण किनारा? मग द्वादशीला निघा!

(भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी उभं राहून)

नमस्कार मंडळी! "आठवडाभर सुट्टी आहे, गाडी आहे, कोकणात समुद्राकडेने फिरायचंय, याआधी कधी गेलो नाही, प्लॅन सांगा." हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आज सगळं एकदाच सविस्तर सांगते. सुरुवात मात्र नकाशापासून नाही, या कॅलेंडरपासून करायची. तारखेच्या खाली बारीक अक्षरात तिथी छापलेली असते ना, ती बघा. द्वादशी शोधा. शुद्ध असो की वद्य, चालेल. त्या दिवशी सकाळी घर सोडायचं.

का, ते सांगते. पण त्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका: सात दिवसांत मुंबई ते गोवा. मी पहिल्या वेळी हेच ठरवून निघाले होते. नकाशावर सातशे-आठशे किलोमीटर दिसत होते, म्हटलं रोज शंभर, काय अवघड आहे? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचले तेव्हा शेवटची बोट पलीकडे निघून गेली होती. समोर वेश्वीचे दिवे दिसत होते. तेवढं पाणी ओलांडायला मला म्हसळा, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा वळसा घालावा लागला. अंधार, वळणं, मागच्या सीटवर आई. त्या रात्री मला कोकणचा नकाशा कळला.

(नकाशा दाखवत)

हे बघा. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी होते. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता प्रत्येक खाडीपाशी येऊन थांबतो. काही ठिकाणी पूल आहे, काही ठिकाणी गाडी बोटीत चढवायची. म्हणून इथे किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. रस्ताही एका गाडीपुरता, समोरून एसटी आली की आपणच मागे घ्यायचं. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर झाले तरी खूप झाले. म्हणून या प्लॅनमध्ये आपण गणपतीपुळ्याला थांबणार आहोत. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही दुसरी सहल. ज्यांना हे ऐकून वाईट वाटेल त्यांना मी मनापासून सांगते, मालवणला दोन तास थांबून परत फिरण्यापेक्षा न गेलेलं बरं.

आता द्वादशी. हे मला हरिहरेश्वरला ज्यांच्याकडे उतरले होते त्या काकूंनी शिकवलं. सकाळी दहाला मी देवळाच्या प्रदक्षिणेला निघाले, ती वाट समुद्रालगतच्या कातळावरून जाते, तर त्या ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आत्ता कुठे जातेस? आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट किती झाली?" मी म्हटलं, साडेदहा. "मग साडेदहाला भरती. दुपारचं जेव, झोप काढ आणि चारला जा."

एवढंच गणित आहे. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, सव्वाअकरा येतात. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि मग पुन्हा भरती. रोज ही वेळ साधारण पाऊण तास पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, त्यामुळे त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर ताडून बघाच. पण आठवड्याचा प्लॅन आखायला हे गणित पुरतं. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढ-उतार कमी.

आता द्वादशीला निघालो तर बघा काय होतं.

पहिला दिवस. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत चढवायची, तासाभरात मांडवा. तिकीट आधी काढून ठेवा, शनिवार-रविवारी जागा मिळत नाही. पुणेकरांनी सरळ रस्त्याने अलिबाग गाठायचं. द्वादशीला नऊला भरती, म्हणजे तीनच्या सुमारास ओहोटी. त्यामुळे दोन-अडीचला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. आंग्र्यांच्या आरमाराचा किल्ला, समुद्रात उभा, आणि आपण ओल्या वाळूतून आणि खडकांवरून पायी जातोय! मात्र पाणी वळायला लागलं की निघायचं, "अजून एक फोटो" नाही. मग रेवदंड्याचा पूल ओलांडून मुरुडला मुक्काम. वाटेत कोर्लई लागतं. तिथल्या एका वस्तीत आजही घराघरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. गडाखालून जाताना हे लक्षात असू द्या.

दुसरा दिवस जंजिऱ्याचा. सकाळी लवकर राजपुरीच्या धक्क्यावर जा. शिडाच्या होडीने नेतात. दुपारी रांग वाढते आणि उन्हात किल्ला बघणं जड जातं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. सिद्दींचा हा किल्ला कुणालाच का जिंकता आला नाही, ते त्या तलावांच्या काठावर उभं राहिलं की समजतं. तिथून आगरदांड्याला येऊन पहिली फेरीबोट. पलीकडे दिघी, मग दिवेआगर.

इथे थोडं थांबते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांना बोटीचीच भीती वाटते. काही नाही हो त्यात. धक्क्यावर गाडी रांगेत लावायची, खिडकीवर गाडीचं आणि माणसांचं तिकीट काढायचं. बोट आली की लोखंडी फळी खाली पडते, आधी उतरणारे उतरतात, मग बोटीवरचा माणूस हाताने खुणा करतो. काही बोटींमध्ये रिव्हर्स घेऊन चढावं किंवा उतरावं लागतं. तेव्हा त्याच्या हाताकडे बघा, गाडीतल्या चौघांच्या सूचना ऐकू नका. गाडी गिअरमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा आणि खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, पण माझ्या मते अख्ख्या सहलीतला सगळ्यात सुंदर भाग हाच. बोटीत दुचाकीवरचा माणूस असतो, बाजाराची टोपली घेतलेली मावशी असते, कॉलेजची मुलं असतात. त्यांच्यासाठी ही रोजची एसटी आहे.

दोन गोष्टी मात्र पक्क्या करा. शेवटची फेरी किती वाजता, हे त्याच दिवशी सकाळी मुक्कामाच्या घरी विचारा. आणि मोबाईलच्या नकाशात फेरी टाळायचा पर्याय चालू नाही ना, ते बघा. तो चालू असला तर दाभोळहून गुहागरला जायला खेड-चिपळूणमार्गे शंभराहून जास्त किलोमीटर दाखवेल.

तिसरा दिवस. दिवेआगरहून श्रीवर्धनला शेखाडीवरून जाणारा रस्ता घ्या, दुसरा नको. समुद्र इतका जवळ येतो की गाडी बाजूला लावल्याशिवाय राहवत नाही. श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव, आणि रोठा सुपारीचंही. दुपारी हरिहरेश्वर. आज चतुर्दशी! साडेदहाची भरती उतरून चार-साडेचारला पाणी तळाला गेलेलं असतं. डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेवर आलात की लाटांनी कोरलेल्या कातळाची जाळी समोर येते. कुठे मधाच्या पोळ्यासारखी भोकं, कुठे हात फिरवला तर धार लागेल अशा कडा. भरती असताना या वाटेवर माणसं वाहून गेली आहेत. तिथे लावलेल्या पाट्या वाचा आणि पाळा. मुक्काम इथेच करा.

चौथ्या दिवशी सकाळची बोट, बागमांडला ते वेश्वी. रत्नागिरी जिल्हा सुरू. वेळास, केळशी आणि आंजर्ले. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव, पण आता ओळखलं जातं ते कासवांमुळे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली. फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असाल तर हा मुक्काम वेळासलाच, गावातल्या घरी करा. पिल्लं दिसतीलच असं नाही. घरट्यातून निघाली तर सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. आणि याच कारणासाठी कळकळीने सांगते, किनाऱ्यावर गाडी घालू नका. गाडी रुतते ती निघेल एक वेळ, वाळूखालची अंडी परत येत नाहीत.

इतर महिन्यांत आंजर्ल्याला राहा. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घ्या, तिथून सुवर्णदुर्ग दिसतो. आणि चार-साडेचारला पूल ओलांडून हर्णैला जा. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव होतो. होड्या पाण्यात उभ्या, बैलगाड्या लाटांत शिरून मासळी किनाऱ्यावर आणतात. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, भोवती कोळणींचा घोळका, आणि बोली इतक्या झपाट्याने चढते की आपल्याला आकडा कळेपर्यंत ढीग बर्फात गेलेला असतो. मध्ये उभं राहू नका, कडेने बघा, त्यांच्या रोजीरोटीची वेळ आहे. शुद्ध द्वादशीला निघाला असाल तर आज पौर्णिमा. जेवण झालं की आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर जा. मी काही बोलत नाही.

जेवणावरून आठवलं. कोकणात घरगुती जेवण हवं तर सकाळी फोन करून सांगावं लागतं: माणसं किती, मासे की शाकाहारी, मोदक हवेत का. दीडला जाऊन "काय आहे?" विचारलंत तर उपाशी राहाल, कारण त्या घरात आपल्यासाठीच नारळ खवला जातो. रोख पैसे जवळ ठेवा, खाडीकाठी रेंज जाते. पेट्रोल मोठ्या गावात दिसेल तिथे भरून घ्या.

पाचवा दिवस निवांत. मुरुड, कर्दे, लाडघर, कोळथरे करत दाभोळ. हे दापोलीचं मुरुड बरं का, जंजिऱ्याचं नव्हे. महर्षी कर्व्यांचं बालपण इथलं. मोबाईलवर नुसतं मुरुड लिहून दोनशे रुपयांचं पेट्रोल वाया घालवलेली मंडळी मला माहीत आहेत. दाभोळहून बोटीने धोपावे, आणि गुहागर. व्याडेश्वराच्या देवळामागे लांबच लांब, सुरूच्या झाडांचा किनारा. पाण्यात गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. गुहागर काय, गणपतीपुळे काय, वरून शांत दिसतं पण पायाखालची वाळू ओढून नेतं. स्थानिक माणूस नको म्हणाला की नको.

सहाव्या दिवशी द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. सकाळी वेळणेश्वर करा आणि दुपारी एकच्या सुमारास हेदवीला पोचा. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद घळ आहे, बामणघळ. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल, आणि लोक "यात काय बघायचं" म्हणत परततात. भरतीला लाट त्या घळीत शिरते, आतमध्ये घुमते, आणि पाणी उसळून वर येतं. नुकतीच पौर्णिमा किंवा अमावास्या होऊन गेलेली, समुद्राला जोर असतो. लांब उभे राहा, कडेचा खडक शेवाळलेला असतो. द्वादशी धरली ती या दोन वेळांसाठी, हरिहरेश्वरची ओहोटी आणि हेदवीची भरती. एका सहलीत दोन्ही मिळवायच्या तर तिथी जुळावी लागते.

मग तवसाळहून या सहलीतली शेवटची बोट, पलीकडे जयगड. मालगुंडला केशवसुतांचं घर बघा, आणि गणपतीपुळ्याला मुक्काम.

हे सगळं नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात जंजिरा बंद असतो, आणि जून-जुलैत मासेमारीबंदी असल्यामुळे हर्णैचा लिलावही नाही.

सातव्या दिवशी पहाटे पुळ्याचं दर्शन घेऊन सहाला निघा. निवळी फाट्याला मुंबईकरांनी डावीकडे, महामार्गाने आठ-नऊ तास धरा. कोल्हापूर-सांगलीकरांनी उजवीकडे हातखंब्याला येऊन साखरप्यावरून आंबा घाट चढायचा. कोकमाचं आगळ (घट्ट रस) आणि आमसुलं घेतली नसतील तर ती फाट्याआधीच घ्या, आणि आगळाची बाटली डिकीत उभी ठेवा, टॉवेलात गुंडाळून.