शंभर डॉलरचा लाइनमन

श्रोतेहो, नमस्कार.

1978 सालचा ऑक्टोबर महिना. मोसमाचे जेमतेम सहा सामने झाले होते, आणि मिनेसोटा वायकिंग्ज या संघानं आपल्या एका खेळाडूला नारळ दिला. शिकागो बेअर्सनं त्याला उचललं. अशा सोडून दिलेल्या खेळाडूसाठी भरायची ठरलेली रक्कम होती शंभर डॉलर. खेळाडू कोण? तर ॲलन पेज. सातच वर्षांपूर्वी साऱ्या एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, सर्वोत्तम ठरलेला!

हे कशामुळे झालं ते सांगतो. पण आधी त्याचं काम काय होतं ते बघू. अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि चुकून चॅनेल लागलंच तर हेल्मेटवाल्यांची झोंबाझोंबी बघून आपण पुढे जातो. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे ठरवणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यासमोर त्याच्याच संघातल्या धिप्पाड गड्यांची भिंत असते. आणि त्या भिंतीला नाक लावून, हात जमिनीवर टेकून जे बसलेले असतात, ते डिफेन्सिव्ह लाइनमन. पेज त्यांच्यातला मधला, म्हणजे टॅकल.

यात एक गोम आहे. चेंडू नेमका कधी हलणार हे समोरच्या भिंतीला ठाऊक असतं, डिफेन्सला नसतं. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईवाल्याच्या पायावर जशी नजर खिळवून असतो, तशी लाइनमनची नजर चेंडूवर असते. चेंडू हलला की पहिलं पाऊल. सगळा खेळ त्या पावलात! त्या काळी टॅकलकडून अपेक्षा एवढीच की अंगाची धोंड करून जागा अडवून धरावी. पेजचा स्वभाव तो नव्हता. उंची सहा फूट चार इंच, वजन साधारण 245 पौंड, म्हणजे 111 किलोच्या आसपास. आणि या देहाचं पहिलं पाऊल इतकं चपळ की समोरचा गार्ड पवित्रा घेईपर्यंत हा त्याच्या बगलेतून आत शिरलेला असे. मग दोघं-दोघं त्याच्यावर लावावे लागत. दोघं त्याच्यावर लागले की कडेचे कार्ल एलर आणि जिम मार्शल मोकळे सुटत. या चौकडीतला चौथा गॅरी लार्सन. जांभळ्या गणवेशामुळे लोक त्यांना ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणत. त्यांचा आपसातला वायदा एवढाच: क्वार्टरबॅकपाशी भेटू.

1971 साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं पेजला लीगमधला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरवलं. हा मान एरवी क्वार्टरबॅक किंवा चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे जायचा. बचावपटूला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यानंतर आजवर आणखी एकाच बचावपटूला तो मिळाला आहे, 1986 मध्ये लॉरेन्स टेलरला. त्याच 1971 च्या मोसमात डेट्रॉइट लायन्सविरुद्ध पंचांच्या निर्णयांवर पेज असा भडकला की काही काळ तो एकटाच समोरच्या संघाशी खेळतोय असं वाटावं. ते चित्रीकरण आजही बघायला मिळतं. जरूर बघा.

आकडे सांगायचे तर लागोपाठ 218 सामने, एकही न चुकवता. 23 फंबल, म्हणजे हातून निसटलेले चेंडू, ताब्यात घेतले, 28 किक अडवल्या. क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडणं, ज्याला सॅक म्हणतात, ते त्यानं दीडशेच्या घरात केले. पण लीगनं सॅकची अधिकृत मोजणी सुरू केली 1982 मध्ये, आणि पेज निवृत्त झाला 1981 मध्ये! लाइनमनच्या नशिबी हे असंच असतं. चार वेळा सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन चारही वेळा हरणं हेही त्याच्या वाट्याला आलं. त्यावर मी जास्त बोलत नाही, मिनेसोटातले जुने लोक अजून तो विषय काढत नाहीत.

पेजचा जन्म 1945 चा, ओहायोतल्या कँटन गावचा. पोलादाच्या कारखान्यांचं गाव. त्या कारखान्यांत आयुष्य काढायचं नाही, वकील व्हायचं, हे त्याच्या मनानं लहानपणीच घेतलं होतं. 1954 साली शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा हा काळा मुलगा आठ वर्षांचा होता. पुढे याच गावात व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-दालन, उभं राहिलं, तेव्हा त्या बांधकामावर तो मजूर म्हणून राबला. 1988 मध्ये त्याच इमारतीत त्याचा अर्धपुतळा बसला.

तर, शंभर डॉलर. खेळाडू असतानाच पेजनं मिनेसोटा विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला. एकदा दुसऱ्या कॉलेजात नाव घालून तीन आठवड्यांत सोडूनही दिलं होतं, पण या वेळी चिकाटी धरली आणि 1978 मध्ये पदवी मिळवली. त्याच काळात पत्नी डायननं सिगारेट सुटावी म्हणून धावायला सुरुवात केली, आणि तिच्याबरोबर हाही धावू लागला. मैलामागून मैल. वजन उतरलं, 225 पौंडांपर्यंत आलं. आता बघा, लाइनमनचं वजन हे संघाच्या दृष्टीनं त्याचं भांडवल. प्रशिक्षक बड ग्रँट मोठे करड्या शिस्तीचे. मिनेसोटाच्या गोठवणाऱ्या थंडीत मैदानाच्या कडेला हीटर लावू न देणारे. त्यांना हे कसं रुचणार? पेजचा खेळ पूर्वीचा राहिला नाही, असं त्यांचं मत पडलं. शिवाय हा माणूस खेळाडूंच्या संघटनेत पुढे, 1974 च्या संपातही पुढे. त्याची शिक्षा म्हणून काढलं, असा आरोप मी करत नाही. पण मालकवर्गाला असा माणूस लाडका नसतो, एवढं आपल्याकडच्या गिरणी कामगारांनाही ठाऊक होतं.

शिकागोत पेज त्याच कमी वजनानं आणखी तीन मोसम आणि वर काही सामने खेळला, 58 सामने, आणि क्वार्टरबॅकना पाडतच राहिला. 1979 मध्ये त्यानं पूर्ण मॅरेथॉन धावून दाखवली. एनएफएलमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारा तो पहिला. माझ्या मते ग्रँटसाहेबांचा हिशेब इथे साफ चुकला.

हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात प्रत्येक खेळाडूची ओळख कुणीतरी करून देतं, बहुधा जुना प्रशिक्षक. पेजनं बोलावलं मिनियापोलिसच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना. आणि स्वतःच्या भाषणात सामने बाजूला ठेवून वायकिंग्जच्या एका बैठकीची गोष्ट सांगितली. प्रशिक्षकांनी डावपेचांची वही खेळाडूंना मोठ्यानं वाचायला लावली, आणि लक्षात आलं की काही जणांना ती वाचताच येत नाही. कॉलेजात खेळून आलेली माणसं! शाळा-कॉलेजनं त्यांना पुढे ढकलत नेलं होतं, कारण ती मैदानावर कामाची होती. सोहळ्याच्या त्याच वर्षी, 1988 मध्ये, ॲलन आणि डायन यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. कॉलेजला जाणाऱ्या मुलांना ते पैसे देतं, पण अट अशी की त्या मुलानं आपल्यापेक्षा लहान शाळकरी मुलांना शिकवायला वेळ द्यायचा.

मिनेसोटात न्यायाधीश लोकांच्या मतांवर निवडून येतात. 1992 मध्ये पेज यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक लढवायची होती, तर राज्यपालांनी पदावर असलेल्या न्यायमूर्तींची मुदतच वाढवून दिली. म्हणजे निवडणूक टळली! पेज कोर्टात गेले, खटला जिंकले, निवडणूकही जिंकले. त्या न्यायालयात बसणारे ते पहिले आफ्रिकन अमेरिकन. पुढे तीनदा निवडून आले, आणि 2015 मध्ये सत्तरी गाठल्यावर नियमाप्रमाणे पायउतार झाले. न्यायमूर्तींच्या झग्याबाहेर बो टाय हा त्यांचा ठरलेला वेश. मिनियापोलिसमधल्या एका शाळेला आता त्यांचं नाव आहे, आणि जुनं नाव बदलावं म्हणून विद्यार्थ्यांनीच उचल खाल्ली होती.

खेळानं त्यांच्या अंगावर खूण ठेवली ती हाताच्या करंगळीवर. समोरच्याच्या गणवेशात, हेल्मेटात अडकून ती इतक्या वेळा निखळली की आता थेट बाहेरच्या बाजूला काटकोनात वळलेली असते. मुलगी कॅमी शिक्षिका. तिच्याबरोबर त्यांनी लहान मुलांसाठी या करंगळीवर चक्क एक पुस्तक लिहिलं आहे. ते वाचून दाखवायला ते शाळांमध्ये जातात, आणि बालवाडीतल्या मुलांना ना सुपर बोलशी देणंघेणं असतं ना निकालपत्रांशी. त्यांना ती करंगळी बघायची असते.

नमस्कार.