‘पळपुटा’ म्हणण्याआधी
ना. सं. इनामदार आणि त्यांचे वाचक : माहितीपटाचं निवेदन

(दृश्य : शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा. सकाळचं कोवळं ऊन.)

या दरवाज्यावरचे खिळे आधी नीट पाहा. हत्तीनं डोकं लावून दार फोडू नये म्हणून ठोकलेले. आता पाठ फिरवा आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघा. 1801 सालच्या एप्रिलमध्ये याच वाड्यासमोर विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलं. हुकूम दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा होता. विठोजीचा भाऊ यशवंतराव तेव्हा माळव्यात होता. दीड वर्षानं तो फौज घेऊन पुण्यावर आला. 25 ऑक्टोबर 1802 ला, ऐन दिवाळीत, हडपसरला लढाई झाली. शिंदे आणि पेशवे यांच्या फौजा हरल्या, बाजीराव पुणं सोडून निघाला तो कोकणातून वसईला पोचला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यानं इंग्रजांच्या तहावर सही केली.

शाळेत हे सगळं मी एका वाक्यात शिकले. त्या वाक्याच्या शेवटी एक शब्द होता, ‘पळपुटा’. त्या एका शब्दात एक अख्खा माणूस मिटवून टाकला होता. मिटवलेला तो माणूस मला पुन्हा दिसला एका कादंबरीत. तिचं नाव ‘मंत्रावेगळा’, लेखक नागनाथ संताराम इनामदार.

(दृश्य : कपाटातली पुस्तकं. पाठीला चिकटपट्टी लावलेली जाड बांधणी.)

झेप. झुंज. मंत्रावेगळा. राऊ. शहेनशहा. शिकस्त. राजेश्री. मराठी घरात ही नावं सांगितली की बहुतेक वेळा कुणीतरी पुढचं वाक्य बोलतंच. कुणी रात्रभर जागून वाचलेलं असतं, कुणाचं पुस्तक उसनं गेलेलं परत आलेलं नसतं. इनामदारांचा जन्म 1923 चा, 2002 मध्ये ते गेले. ज्यांनी त्यांना कधी पाहिलंही नाही असे वाचक आजही त्यांच्याबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. हा माहितीपट त्या वाचकांचा आहे. मीही त्यातलीच एक, म्हणून तटस्थपणाचा आव आणत नाही.

एक प्रश्न मात्र मनात घेऊन मी कॅमेरा हातात घेतला. ऐतिहासिक कादंबऱ्या आपल्याकडे भरपूर आहेत. विजयाच्या, पराक्रमाच्या, तलवारी लखलखणाऱ्या. मग या माणसावर इतका जीव का?

मला सापडलेलं उत्तर असं आहे : इनामदारांनी ज्यांच्यावर लिहिलं, त्यांतले कितीतरी जण हरलेले होते, नाहीतर बदनाम तरी होते. आपल्या इतिहासानं ज्यांची बाजू ऐकून न घेताच निकाल दिला होता, त्यांना त्यांनी बोलू दिलं.

(दृश्य : ठाणे. तुरुंगाची जुनी दगडी तटबंदी.)

‘झेप’ ही त्रिंबकजी डेंगळ्याची कादंबरी. बाजीरावाचा लाडका, इंग्रजांच्या डोळ्यांत सलणारा. 1815 मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला, ठपका त्रिंबकजीवर आला. पुण्यातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट एल्फिन्स्टननं पेशव्यावर दबाव आणून त्याला ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. तोच हा किल्ला. आजही इथं तुरुंगच आहे.

पहाऱ्याला मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते. एकालाही मराठी येत नव्हतं. किल्ल्यातल्या एका अंमलदाराकडे एक मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, नोकरीला लागला. तो खिडकीखाली घोड्याची मालिश करायचा आणि करता करता गाणं म्हणायचा. शिपायांना वाटलं, गडी खुशीत आहे. गाण्यात निरोप होता : झुडपाआड माणसं दबा धरून बसलीत, झाडाखाली घोडे तयार आहेत, घोडे पंचावन्न आहेत, स्वार चोपन्नच. पंचावन्नाव्या स्वाराची तेवढी वाट पाहायची. 1816 मध्ये तो पंचावन्नावा स्वार या भिंतीवरून उतरून गेला. पुढं बिशप हेबरनं आपल्या प्रवासवर्णनात त्या गाण्याचं इंग्रजी पद्य करून ठेवलं.

मी हे ठाण्याच्या माझ्या एका मैत्रिणीला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. याच भिंतीशेजारून ती पंधरा वर्षं रोज स्टेशनला जात होती. ‘झेप’ तिनं त्या आठवड्यात वाचायला घेतली. इनामदारांचा वाचक असाच तयार होतो, रोजच्या वाटेवरची एखादी भिंत अचानक बोलायला लागते.

(दृश्य : ‘झुंज’ची जुनी प्रत. मागच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेला कागद.)

‘झुंज’ ही यशवंतराव होळकराची कादंबरी. तिची ही प्रत एका वाचनालयानं काढून टाकलेली. रद्दीतून माझ्याकडे आली. मागच्या कागदावर शिक्क्यांच्या रांगांवर रांगा. जागा संपली म्हणून त्यावर दुसरा कागद डकवलाय, तोही भरलाय. पुस्तकाचे कोपरे मऊ पडलेत, कापडासारखे. पण मला सगळ्यात जपून ठेवावंसं वाटतं ते एका पानाच्या समासातलं. कुणीतरी पेन्सिलीनं हडपसरच्या लढाईचा नकाशा काढलाय. मुठा नदीची रेघ, दोन फौजांचे चौकोन, होळकरांच्या घोडदळाचा बाण. त्याच्या खाली दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, ‘हे असंच झालं का?’ आणि त्याच्या खाली तिसऱ्या शाईत, ‘कागद पाहा.’

एकमेकांना कधीही न भेटलेल्या तीन माणसांचं हे बोलणं आहे. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे मलाही शिकवलेलं आहे. तरी या तिघांना मी मनापासून नमस्कार करते.

‘कागद पाहा’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद खरोखर आहेत आणि ते भरपूर आहेत. इतिहासकार राजवाड्यांनी गावोगाव फिरून, माळ्यांवरची दफ्तरं सोडवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद 45 खंडांत आणले. मोडीतली पत्रं, जमाखर्च, हेरांच्या बातम्या, कुणाच्या पायाला ठेच लागली इथपासूनच्या नोंदी. पण खंड उघडून बसणारे किती? बाकीच्यांना त्या दारापर्यंत कुणीतरी हात धरून न्यावं लागतं. कादंबरीनं ते केलं. कादंबरी वाचून मोडी शिकायला बसलेली माणसं मला या कामात भेटली. त्यातल्या एका आजींनी वयाच्या सत्तरीत बाराखडी गिरवायला घेतली होती. त्यांच्या वहीत पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव मोडीत लिहिलंय, शेवटचं अक्षर जरासं घसरलंय.

(दृश्य : पुन्हा शनिवारवाडा. उन्हं चढलेली.)

आता पुन्हा इथं येऊ, कारण इनामदारांची खरी ताकद मला इथंच, या जागेत उभं राहून कळली.

‘झुंज’ वाचताना आपण यशवंतरावाच्या बाजूनं असतो. भावाला हत्तीच्या पायी दिलेला माणूस. पुढं इंग्रजांशी एकट्यानं लढणारा, 1804 मध्ये कर्नल मॉन्सनला पळता भुई थोडी करणारा, मदत मागत थेट पंजाबपर्यंत जाणारा. शेवटी तहावर सही करूनही भानपुऱ्याला तोफा ओतत बसलेला आणि 1811 मध्ये ऐन पस्तिशीत गेलेला. त्या कादंबरीचा वाचक बाजीरावाचा द्वेष करतो. करायलाच हवा.

आणि मग तोच लेखक, त्याच लेखणीनं, ‘मंत्रावेगळा’ लिहितो. त्याच बाजीरावावर!

वाचकाची इथं कोंडी होते. ज्याच्यावर दात धरले, त्याच्या खोलीत आता बसायचं. बाजीरावाचा जन्म 1775 मध्ये धारच्या किल्ल्यात झाला. राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुलगा, म्हणजे जन्मतःच संशयित. बाप गेल्यावर सगळं पोरपण नजरकैदेत. ज्याला विशीपर्यंत कुणावर विश्वास टाकायलाच मिळाला नाही, त्याला 1796 च्या अखेरीस एकदम पेशवाईची वस्त्रं मिळाली. तिजोरी रिकामी, सरदार डोईजड, शेजारी इंग्रज टपलेले. यानं विठोजीचा मृत्यू पुसला जात नाही, वसईचा तहही पुसला जात नाही. पण नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीला लढाई पुकारणारा आणि त्यानंतर सात महिने इंग्रजी फौजांना मागं लावून महाराष्ट्रभर फिरणारा बाजीरावही तोच होता, हे शाळेतल्या त्या एका शब्दात कुठं होतं? जून 1818 मध्ये तो इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन आणि गंगाकाठचं ब्रह्मावर्त. तिथं तो आणखी तेहेतीस वर्षं जगला. राज्य बुडाल्यावर तेहेतीस वर्षं! त्या दिवसांची कल्पना करून बघा.

आमच्या घरात या पुस्तकावरून मोठं भांडण झालेलं मला आठवतं. माझे काका म्हणजे बाजीरावाचं नाव काढलं की पानावरून उठणारे. एका रविवारी ते बाबांना म्हणाले, “दादा, तुमच्या इनामदारांनी पळपुट्याला डोक्यावर बसवलंय. याला काय साहित्य म्हणायचं?” बाबा शांतपणे म्हणाले, “तू वाचलीस का?” काका म्हणाले, “वाचायची गरज काय?” बाबांनी उठून पुस्तक आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पुढचे दोन महिने काका आमच्याकडे फिरकले नाहीत.

असे वाद घरोघर झालेत, वाचनालयांच्या ओट्यांवर झालेत. मला ते फार मोलाचे वाटतात. नुसत्या गौरवावर वाद होत नाही, तिथं फक्त टाळ्या पडतात. लेखकावर प्रेम करणारे वाचकही त्याच्याशी भांडतात. बाजीरावाला जास्तच सांभाळून घेतलंय, असं म्हणणारे मला भेटले आणि त्यांच्याच कपाटात ‘मंत्रावेगळा’च्या दोन-दोन प्रती होत्या.

(दृश्य : पाबळ. मस्तानीची कबर.)

थोरल्या बाजीरावावरच्या ‘राऊ’बद्दल मी थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. 1972 मध्ये आलेली ही कादंबरी 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटामुळे मराठी न वाचणाऱ्यांपर्यंतही पोचली. पण पाबळला वाचक त्याच्या कितीतरी आधीपासून येत होते. हातात पुस्तक घेऊन येतात, कबरीपाशी दोन मिनिटं उभे राहतात आणि परत जातात. नर्मदेकाठी रावेरखेडीलाही तसंच. 1740 च्या एप्रिलच्या उन्हात थोरले बाजीराव तिथं गेले.

(दृश्य : तिन्हीसांज. देवघरातला दिवा.)

‘शिकस्त’ मात्र इतक्या पटकन ओलांडता येत नाही. पानिपत म्हटलं की आपल्याला रणांगण दिसतं. 14 जानेवारी 1761. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा निरोप दक्षिणेत आला. त्या दोन मोत्यांतलं एक सदाशिवरावभाऊ. पार्वतीबाई त्यांची पत्नी. ती त्या मोहिमेत बरोबर होती, तिथून जिवंत परत आली आणि नवरा गेला हे तिनं मान्य केलं नाही. कुंकू पुसलं नाही. पुढं भाऊसाहेब म्हणवणारा एक माणूस उत्तरेतून आला, तोतया ठरला, 1776 मध्ये मारला गेला. त्या सगळ्या काळात पार्वतीबाई पुण्यातच होती, कपाळावर कुंकू लावून, वाट पाहत.

पानिपतावर किती लिहिलं गेलंय. पण त्या युद्धाचा हिशोब एका बाईच्या कपाळावर मांडता येतो, हे मला ‘शिकस्त’नं दाखवलं. माझ्या ओळखीच्या एका बाईंचे यजमान समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत, त्यांचा देहही मिळाला नाही. त्यांनी ही कादंबरी चारदा वाचली आहे. कॅमेऱ्यासमोर बोलायला त्यांनी नकार दिला. पुस्तक मात्र चित्रीकरणासाठी दिलं आणि दुसऱ्याच दिवशी परत मागून नेलं.

(दृश्य : खुलदाबाद. उघडी कबर.)

आणि ‘शहेनशहा’. औरंगजेबावर. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं जो दक्खनेत मराठ्यांशी लढला आणि 1707 मध्ये अहमदनगरला मेला, त्याच्या मनात मराठी लेखकानं शिरायचं! वैऱ्यालाही म्हातारपण येतं, त्यालाही झोप लागत नाही, हे लिहायला धैर्य लागतं आणि वाचायलाही. 1997 मध्ये सत्तराव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद वाचकांच्या या लेखकाकडे आलं, ते संमेलन नेमकं अहमदनगरलाच भरलं होतं. हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

(दृश्य : शनिवारवाडा. संध्याकाळ. पटांगणात एक वयस्कर गृहस्थ.)

हे माझे काका. दोन महिन्यांनी ते आले, तेव्हा ‘मंत्रावेगळा’ त्यांनी बाबांना परत दिली. आवडली की नाही, ते सांगितलं नाही. फक्त म्हणाले, “ती होळकराची आहे का तुमच्याकडे? देता?” आता बाबा नाहीत. काका ऐंशीच्या पुढं गेलेत. चित्रीकरणाला येता का विचारलं, तर काठी घेऊन लगेच निघाले.

त्या संध्याकाळी ते बराच वेळ इथं एकटेच उभे होते. आम्ही कॅमेरा लांब ठेवला होता. मी जवळ गेले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “विठोजीला आणलं असेल ते कुठल्या बाजूनं गं? आणि तो आत कुठं बसला असेल?”

मग ते वर सज्जाकडे बघत राहिले.