एकटा लॅरी

नमस्कार, श्रोतेहो. आज सॅमन माशाविषयी. हा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला वासाच्या मागावर जन्मनदीत परततो. आपल्याच नदीत, हे लक्षात असू द्या. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या नदीगणिक त्याचं कूळ वेगळं होत जातं. कुणी लवकर येतं, कुणी उशिरा. कुणाला वाहता ओढा लागतो, कुणाला तळ्याचा काठ.

आता लॅरीची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, डोंगरांत, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर रेडफिश नावाचं तळं आहे. तिथल्या सॉकाय जातीच्या सॅमनला समुद्रापासून चौदाशे किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहत यावं लागतं. वाटेत कोलंबिया आणि स्नेक नद्यांवरची आठ धरणं. एकेकाळी हे मासे हजारोंनी यायचे. १९९१ साली आले चार. १९९२ साली माणसं वाट पाहत राहिली आणि आला एक. एकच, तोही नर. एवढा डोंगर चढून आला आणि वर एकही मादी नाही! लोकांनी त्याला नाव दिलं, लोनसम लॅरी. संशोधकांनी त्याचं वीर्य गोठवून ठेवलं आणि पुढे ते माद्यांची अंडी फळवायला वापरलं. १९९१ ते १९९८, आठ वर्षांत परतलेले मासे सगळे मिळून सोळा! टाक्यांमध्ये त्यांची पैदास केली, पिल्लं सोडली, तेव्हा कुठे २००० साली २५७ मासे परतले.

 

तर, टाकीतली पैदास हा शेवटचा उपाय. कुळं आधीच जपायला हवीत. अलास्कातल्या ब्रिस्टल बे या उपसागरात सॉकायची शेकडो कुळं अजून टिकून आहेत. एका नदीचं वर्ष वाईट गेलं तर दुसरी सावरते. २०१०च्या एका अभ्यासात दिसलं, की तिथे एकच कूळ असतं तर वर्षावर्षातला चढउतार दुपटीहून जास्त झाला असता आणि मासेमारी दहापट वेळा बंद ठेवावी लागली असती. दहापट! म्हणून तिथे नदीकाठच्या मनोऱ्यांवरून वर जाणारे मासे मोजतात, आणि प्रत्येक नदीत पुरेसे मासे वर चढावेत अशा बेताने जाळी टाकायची मुभा देतात.