सभासदांचा अंक चारचौघांच्या हाती

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात झाडाझुडपांवर जीव लावणारी माणसं कमी नाहीत. अशाच मंडळींच्या एका संस्थेच्या त्रैमासिकाचं काम मी बघतो. अंक पोस्टानं सभासदांच्या घरी जातो. सभासद तो आवडीनं वाचतात, जपूनही ठेवतात. पण त्याच घरातली बाकीची माणसं तो उघडत नाहीत. आणि उघडावा तरी का? पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत, मग वार्षिक सभेचा वृत्तान्त, नव्या सभासदांची यादी, आणि शेवटी सहलीचा लेख. त्या लेखात वनस्पतींची नावं एकामागून एक येत राहतात. जो सहलीला आला नव्हता, त्याच्या डोळ्यांपुढे काही म्हणता काही उभं राहत नाही.

हा अंक सगळ्यांनी वाचावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी गुळगुळीत कागद आणि जास्त फोटो हवेत, असं पुष्कळजण सुचवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या झाडाला वाचकाचा हात रोज ना रोज लागतो, त्या झाडापासून लेख सुरू व्हायला हवा.

दसऱ्याचंच घ्या. संध्याकाळी दसरा चौकात शमीपूजन होतं, सोनं लुटलं जातं, मग रात्री उशिरापर्यंत आपण घरोघरी जाऊन थोरामोठ्यांच्या हातावर पानं ठेवतो आणि पाया पडतो. बाजारात सकाळपासून त्या पानांचे ढीग लागलेले असतात. त्यातली सगळी पानं आपट्याची नसतात. बरीच कांचनाचीही असतात. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, हाताला जाडसर लागणारं आणि मागून फिकट करडं. कांचनाचं पान चांगलंच मोठं आणि पातळ. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून खऱ्या आकारात छापली, तर तिसरीतलं पोरसुद्धा दुकानदाराला विचारील, ‘काका, हा आपटा कुठाय?’ आणि आपट्याला उन्हाळ्यात पांढरट पिवळ्या फुलांचे तुरे येतात, हे त्याच पानावर सांगितलं, तर ते पोर उन्हाळ्यात झाडाखाली जाऊन वर बघेल. दसऱ्याला फांद्या ओरबाडल्या जातात तेव्हा त्याला वाईटही वाटेल.

दुसरं उदाहरण गुऱ्हाळाचं. आपल्या जिल्ह्याच्या गुळाचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या गुळात भेंडीचा वाटा किती, हे शहरातल्या किती जणांना ठाऊक आहे? काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस तापू लागला, की भेंडीची झाडं ठेचून, पाण्यात कुस्करून काढलेला बुळबुळीत रस त्यात ओततात. त्या चिकटपणात रसातली घाण गोळा होते आणि मळी होऊन वर येते. ती वेळेवर काढली तर गूळ स्वच्छ उतरतो. केव्हा ओतायचं आणि किती ओतायचं, हे गुळव्या रसाच्या रंगावरून आणि फेसावरून ओळखतो. ही वनस्पतीशास्त्राचीच माहिती आहे, आणि ती एका कारागिराच्या हातात आहे. आमच्या अंकात त्याचं नाव लेखक म्हणून यायला हवं. लिहायला त्याला सवड नसेल तर आम्ही काहिलीशेजारी बसून उतरवून घेऊ. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर घालतात, तो विषयही मग आपोआप निघेल. तो टाळू नये.

हे सगळं नव्यानं सुचलेलं नाही. इंग्लंडमध्ये विल्यम कर्टिस नावाचा वनस्पतीतज्ज्ञ होता. त्यानं आधी लंडनच्या आसपासच्या रानवनस्पतींवर मोठ्या आकाराचा, देखणा ग्रंथ भागाभागांनी काढला. कौतुक झालं, पण पैशाच्या हिशेबात तो बुडीत गेला. मग १७८७ साली त्यानं ‘बोटॅनिकल मॅगझिन’ सुरू केलं. ज्यांना स्वतःच्या बागेतली झाडं शास्त्रीय दृष्टीनं ओळखायची आहेत, अशा स्त्रीपुरुषांसाठी आणि माळ्यांसाठी हे मासिक आहे, असं त्यानं मुखपृष्ठावरच छापलं. प्रत्येक अंकात हातानं रंगवलेली चित्रं असत. मासिक झपाट्यानं खपलं. चित्रं हातानं रंगवण्याची पद्धत १९४८ पर्यंत चालू राहिली, आणि हे मासिक आजही लंडनमधल्या क्यूच्या वनस्पती उद्यानातर्फे निघतं. मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की लोकांसाठी काढलं म्हणून कर्टिसनं शास्त्रीय नावं गाळली नाहीत. ती असायलाच हवीत. आपल्या अंकात ती फक्त लेखाच्या पहिल्या ओळीत नकोत. आधी झाड दिसू दे, मग नाव येऊ दे.

आता एक काळजीची गोष्ट. अंक सगळ्यांसाठी खुला झाला, की काय छापायचं नाही हेही ठरवावं लागतं. कंदीलपुष्प या रानवनस्पतीचं घ्या. तिच्या फुलाच्या नळीत आतून केस असतात, खाली वळलेले. बारीक माशी आत उतरते आणि अडकून पडते. केस सुकले की ती सुटते आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलात जाते. शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या वनस्पतींवर मोलाचं काम केलं आहे. अशी गोष्ट वाचून कुणालाही वाटेल, की हे फूल जाऊन बघावं. पण यातल्या काही जाती अगदी थोड्या जागी उरल्या आहेत, आणि त्यांचे कंद लोक खणून खातात. तेव्हा फुलाची गोष्ट पूर्ण सांगायची, पण पठाराचं नाव आणि वाट छापायची नाही. नरक्या नावाच्या झाडाच्या बाबतीतही तेच. त्याच्यापासून कॅन्सरवरच्या औषधाचं मूळ द्रव्य मिळतं, म्हणून सह्याद्रीत त्याची चोरटी तोड होत आली आहे. सभासदांपुरत्या अंकात एखादं ठिकाण नजरचुकीनं गेलं तरी निभावलं असतं. हजारोंच्या हातात जाणाऱ्या अंकात ते चालणार नाही.

अंक ठेवायचा कुठे, तर जिथे माणसं थांबून असतात तिथे. दवाखान्यात, केशकर्तनालयात, बँकेत. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या वाचनालयात तर हवाच.

आणि श्रोतेहो, अंकाची दोन पानं तुमच्या प्रश्नांसाठी ठेवायची असं आम्ही ठरवलं आहे. एखादं झाड ओळखू येत नसेल तर फोटो पाठवा, पण एकट्या फुलाचा नको. पानाची वरची बाजू हवी, खालची हवी, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे कळेल अशी फांदी हवी, आणि आकार समजावा म्हणून शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. मोबाइल नसेल तर पानाफुलासकट छोटी डहाळी रद्दी पेपरात दाबून वाळवा आणि पाकिटातून पाठवा. झाड कुठे दिसलं आणि तुमच्या गावात त्याला काय म्हणतात, एवढं सोबत लिहा.