खुराड्यातली फट

पहाट झाली आहे. कोंबड्या अजून खुराड्यातच कुरकुरताहेत. काल अंधार पडला तेव्हा या खोक्यात चार अंडी होती, आता दोनच. टरफलाचा कण नाही, बलकाचा डाग नाही, खालचं गवतसुद्धा विस्कटलेलं नाही. उंदराने हात मारला असता तर बहुधा फुटकी टरफलं मागे राहिली असती. साप अंडं अख्खंच गिळतो.

आला कुठून? सगळे आधी दाराची कडी तपासतात. आपण जाळी बघू.

ही नेहमीची षटकोनी जाळी, इंचभर घरांची. कोंबडी बाहेर जाऊ नये एवढ्यापुरती ठीक. सडपातळ सापाला मात्र हा राजरस्ता. गंमत म्हणजे रिकाम्या पोटी आत आलेला साप अंडं गिळून परत निघाला, की त्याच घरात कमरेशी अडकतो. मग सकाळी अंडी काढायला गेलेला माणूस आणि तो, दोघांचीही धांदल.

म्हणून पाव इंची चौकोनी वेल्डेड जाळी लावायची. अर्धा इंचीतून मोठा साप येणार नाही, पण सापाचं पिल्लू येईल. जाळी जमिनीत फूटभर गाडायची. साप स्वतः बीळ खोदत बसत नाही, उंदराचं आयतं वापरतो.

आणि उंदीर येतात सांडलेल्या दाण्यावर. रात्री खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात गेलं, आजूबाजूचं गवत आणि लाकडांचा ढीग हटला, अंडी रोज संध्याकाळी उचलली, की निम्मं काम झालं. खुडूक बसलेल्या कोंबडीखालची अंडी उचलता येत नाहीत. म्हणून तिच्या खोक्याभोवती जाळी दुहेरी असलेली बरी.

डांबरगोळ्यांवर मात्र भरवसा नको. साप त्यांना जुमानत नाही, आणि एखादी गोळी कोंबडीने टिपली तर विषबाधा. नायलॉनची सैल जाळीही नको. साप त्यात गुरफटतो आणि मग त्याला सोडवायचं कोणी? आत साप दिसलाच, तर हात न घालता सर्पमित्राला बोलवा.

आता शेवटची तपासणी. अंधार पडू द्या. खुराड्यात बॅटरीचा कंदील ठेवून दार लावा आणि बाहेरून एक फेरी मारा. छपराच्या कडेला ती उजेडाची तिरीप दिसली? खडूने तिथे खूण करा. पुढे चला. दाराखाली अजून एक आहे.