काट्यावरचा आकडा आणि ताटातली भाजी

(दृश्य: अंगणवाडीचा व्हरांडा. वजनकाट्यावर चढणारे पाय.)

पाचवा महिना. चपला बाहेर काढून ती काट्यावर उभी राहते. आशाताई वाकून आकडा वाचतात: 46. माता-बाल संरक्षण कार्डावर मागच्या महिन्याची नोंद 45 ची आहे. पहिले तीन महिने सरले, की दर महिन्याला साधारण दोन किलो वाढावेत. इथं एकच वाढलाय.

माहेरी आई म्हणते, "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." सासूबाई म्हणतात, "बेताचंच खा गं, बाळ मोठं झालं तर अडेल." या भीतीला हसू नये. दवाखाना दूर होता, तेव्हा अडलेली बाई दगावायची, हे त्यांच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. पण आईनं हात आखडता घेतला, की अडीच किलोंच्या आतलं, अशक्त बाळ जन्माला येण्याचा धोका वाढतो.

आणि दोघांचं खायचं म्हणजे दुप्पट नव्हे. रोजच्या जेवणावर साधारण 350 कॅलरी जास्त. म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर वरण, एक केळं.

(दृश्य: कार्डावरच्या नोंदी.)

नऊ महिन्यांत वाढणारे दहा-अकरा किलो सगळे अंगावर चढत नाहीत. तीनेक किलोंचं बाळ, अर्ध्या किलोहून जास्त वार, किलोभर गर्भजल, वाढलेलं गर्भाशय, वाढलेलं रक्त. थोडी चरबी साठते, ती पुढं अंगावर पाजताना कामी येते. मुळात बारीक असलेल्या बाईला याहून जास्त वाढ लागते, जाड असलेलीला कमी. मात्र एकाच महिन्यात तीन किलोंहून जास्त वाढ झाली, तोंडा-हातावर सूज आली, डोकं दुखू लागलं, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यायचा.

(दृश्य: शेताच्या बांधावरून भारा घेऊन येणाऱ्या बायका.)

1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या बायकांचं गर्भारपणाआधीचं सरासरी वजन जेमतेम 42 किलो, बाळांचं सुमारे 2.7. रोजचं खाणं तपासलं, तेव्हा नुसत्या कॅलरींशी बाळाच्या वजनाचा संबंध फारसा दिसला नाही. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं मात्र भरलेली होती. मेथी, माठ, शेपू, पेरू: ज्या गोष्टी बांधावर आणि परसात येतात, त्याच.

मग त्या ताटात का पडत नाहीत?

(दृश्य: पुन्हा व्हरांडा.)

"काल रात्री भाजी कोणती होती?" आशाताई विचारतात.

"मेथी केली होती. मी बसले तोवर संपली होती."

सासूबाई दारातच उभ्या आहेत. त्या कार्ड हातात घेतात, उलटसुलट करून पाहतात. त्यांना वाचता येत नाही.

"किती भरलं म्हणालात?"

"सेहेचाळीस."

"आज माझ्याबरोबर बसेल ती जेवायला."