ही कवयित्री आपल्या इंदूरची आहे

नमस्कार मंडळी,

मला आज मंडळाच्या वार्षिक अहवालावर दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, पण अहवाल तुमच्या हातात आहेच, तो घरी वाचा. मी एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे कारण गेले काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीये. आपल्या राजेंद्र नगरातल्या मुलीचा पहिला कवितासंग्रह आलाय. ती तिकडे मागे बसलीये आणि तिने बजावलंय की काकू, स्टेजवरून माझं नाव घेऊ नका, म्हणून घेत नाही, तुम्ही सगळे ओळखताच तिला.

संग्रहात कापड मिलवरची एक कविता आहे. दीड पानाची. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी परत घासत बसले. कवितेतले आजोबा मिल बंद झाल्यावरही भोंग्याच्या वेळेला उठतात, डबा धुऊन पालथा घालतात, आणि थकलेल्या पैशाची केस कुठवर आली ते विचारायला सायकल काढून जातात. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद झाली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशाचा मार्ग मोकळा व्हायला २०२३चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, दोन-चार घरं सोडली तर प्रत्येकाच्या नात्यात कुणी ना कुणी मिलमध्ये होतंच. पण त्या बत्तीस वर्षांत एका घरात रोज सकाळी काय होत होतं ते मला पेपरातून कधी कळलं नाही, ते ह्या पोरीने दाखवलं. आजोबा गेले असं ती कुठेही लिहीत नाही. फक्त मधल्या एका ओळीपासून केस विचारायला आजी जायला लागते, आणि शेवटी पैसे येतात तेव्हा फॉर्मवर सही करायला नात जाते. बस. एक रडका शब्द नाही त्यात, हो, आणि म्हणूनच ती सहन होत नाही.

त्याच्या पुढचीच कविता झांकीची, म्हणजे मिरवणुकीत निघणाऱ्या सजवलेल्या देखाव्याची. मिल बंद, पगार थकलेला, आणि आजोबा झांकीच्या वर्गणीसाठी दारोदार हिंडतायत, का तर अनंत चतुर्दशीला आपल्या मिलची झांकी निघालीच पाहिजे. आपण जेल रोडला जागा धरून रात्र रात्र झांक्या बघितल्यात, पोरांना खांद्यावर घेऊन. ती झांकी ओढत नेणाऱ्या माणसांच्या घरी त्या महिन्यात किराणा कसा आला, हे मी तरी कधी मनात आणलं नव्हतं.

ही मिलची कविता मी घरी मोठ्याने वाचली. नात, सातवीतली, तिथेच होमवर्क करत होती. सगळी ऐकली आणि मला विचारते, "आजी, ही अजून आहे?" मला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "म्हणजे ही जिवंत आहे का? मराठीत कविता लिहिणारे तर सगळे फोटोत असतात ना?"

मंडळी, तिचं काही चुकलं का? तिने मराठी कवी बघितला तो आपल्या हॉलच्या भिंतीवर. जयंतीला हार, पुण्यतिथीला हार, बालसभेच्या आधी फोटो पुसायचं काम पोरांकडे. आपले देवास-ग्वाल्हेरचे भा. रा. तांबे गेले १९४१ साली, आणि तिच्या हिशेबाने त्यांच्यानंतर इकडे कुणी काही लिहिलेलंच नाही. मी तिला सांगितलं, अगं ही ताई राजेंद्र नगरात राहते, स्कूटी चालवते, तुझ्या आईबरोबर तिने पोहे-जलेबी खाल्लीये. तर म्हणाली मला भेटायचंय. आज आणलंय तिला.

इथे मला थोडं रागावायचंय, आपल्यातली आहे म्हणून. साहित्य संमेलन इंदूरला १९१७ ला झालं, १९३५ ला झालं, २००१ ला विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली झालं, हे आपण पुण्याच्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो आणि ऐकवावंच, अभिमानाची गोष्ट आहे. पण ह्या संग्रहाचं प्रकाशन ह्याच हॉलमध्ये झालं तेव्हा चहाला जेवढी माणसं होती त्याच्या निम्म्यांनीसुद्धा पुस्तक घेतलं नाही. शाल दिली, श्रीफळ दिलं, भाषणं केली, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणीतरी पानांचे फोटो टाकले की वाचा, छान आहे. माझ्या घरीही ह्यावरून भांडण झालं. मुलगा म्हणाला, आई, पीडीएफ असेल ना, मागून घे. मी म्हटलं, तू थिएटरमध्ये सहाशेचं तिकीट काढतोस, शेजारच्या मुलीने स्वतःच्या पगारातून छापलेलं पुस्तक तुला फुकट पाहिजे? तो गप्प झाला पण पटलं असं मला वाटत नाही.

आणि पोरांना वाचता येत नाही हे कारण आपल्याला नाही हं. अमेरिकेतल्या मंडळांना लिपीपासून सुरुवात करावी लागते, आपली पोरं शाळेत हिंदी शिकतात म्हणजे देवनागरी त्यांना येतेच. घरी मराठी बोलतात, अक्षरं येतात, मग मध्ये अडतं कुठे? पुस्तक घरात नाही तिथे अडतं.

सगळ्याच कविता मला आवडल्या असं नाही. मधल्या भागातल्या प्रेमाच्या सात-आठ कविता आधी कुठेतरी वाचल्यासारख्या वाटतात, पाऊस जरा जास्तच पडतो त्यात, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय. पण जिथे ती तिच्या मोहल्ल्याबद्दल लिहिते, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, कान्ह नदीच्या वासाने नाक दाबून उभी राहते आणि तरी तिथून हलत नाही, तिथे ती कुणासारखीच नाहीये. एका कवितेत पुण्याच्या लग्नात कुणीतरी विचारतं, मूळ गाव कुठलं? ती म्हणते इंदूर. परत विचारतात, नाही, मूळ? ती परत म्हणते इंदूर. आपल्यापैकी प्रत्येकाने हा प्रश्न ऐकलाय आणि प्रत्येकाने कधी ना कधी सातारा नाहीतर रत्नागिरी असं काहीतरी सांगून वेळ मारून नेलीये. तिने नाही नेली.

आता माझ्या मनात जे आहे ते सांगते, उत्तर माझ्याकडे नाही. परवा मी तिला विचारलं, पुढचं काय लिहितेयस? म्हणाली, काकू, नवीन कविता हिंदीत येतायत. हिंदीत चार जण वाचतात, काव्यगोष्ठीला बोलावतात, फोन करतात. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिंदी काही परकी नाही आपल्याला, आणि तिने कुठल्या भाषेत लिहावं हे सांगणारी मी कोण? तिने हिंदीत लिहिलं तर मी तेही वाचेन आणि विकत घेऊनच वाचेन. पण मिलमधले ते आजोबा घरात मराठी बोलत होते. आजी मराठीत केस विचारायला जाते. ती माणसं हिंदीत गेल्यावर तशीच बोलतील का, मला माहीत नाही, आणि नातीने पुढच्या वर्षी परत विचारलं की आजी, मराठीत लिहिणारं अजून कुणी आहे का, तर काय सांगू?

पुस्तकं बाहेर चपलांच्या स्टँडशेजारच्या टेबलावर आहेत, दीडशे रुपयाला एक. ती स्वतः बसणार आहे तिथे. तिच्याशी बोला, कुठली कविता आवडली नाही तेही सांगा, तिला चालतं.